शेड बदलताच स्कॅनर का तुटतो: होस्ट रूट, अंतर्गत राउटिंग प्रोटोकॉल आणि तपासण्यांचा क्रम

नागपूरच्या बुटीबोरी, हिंगणा, कळमना आणि मिहान परिसरातील मोठ्या गोदामांत व कारखान्यांत एक रचना आता वारंवार दिसते. प्रत्येक शेडला स्वतःचा राउटर किंवा लेयर-३ स्विच असतो आणि प्रत्येक शेडचा सबनेट, म्हणजे आयपी पत्त्यांचा गट, वेगळा असतो. हातातला बारकोड स्कॅनर किंवा फोर्कलिफ्टवर बसवलेला टॅब्लेट दुसऱ्या शेडमध्ये गेला तरी त्याचा आयपी पत्ता बदलू नये, म्हणून तो जिथे पोहोचला तिथला राउटर त्या एकाच पत्त्याचा /३२ रूट (मार्ग), म्हणजे होस्ट रूट, अंतर्गत राउटिंग प्रोटोकॉलमार्फत (राउटर एकमेकांना मार्ग कळवण्यासाठी वापरतात त्या पद्धतीने) सर्व राउटरना कळवतो. स्कॅनरमध्ये वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही आणि जादा यंत्रही विकत घ्यावे लागत नाही, म्हणून ही रचना लोकप्रिय आहे. तिच्यात येणारा बिघाडही ठरलेल्या वळणाचा असतो. वेगवेगळ्या ग्राहकांकडे मी तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे, आणि बहुतेक ठिकाणी माझ्या आधी कोणीतरी ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी यंत्रे) बदलून पाहिलेले असतात.

लक्षणे

स्कॅनर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताच सर्व्हरशी संपर्क तुटतो, वायफायचे चिन्ह मात्र पूर्ण भरलेले दिसते, आणि काही वेळाने सगळे आपोआप सुरळीत होते. हे मुख्य लक्षण होय. त्याच्या जोडीला पुढीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी आढळतात.

– खंडाची लांबी दर वेळी जवळपास सारखीच असते.
– एका सर्व्हरवरून स्कॅनरला पिंग (संपर्क तपासणारा छोटा संदेश) पोहोचतो, त्याच वेळी दुसऱ्या सर्व्हरवरून पोहोचत नाही.
– मुख्य सर्व्हर सापडतो, पण स्कॅनर ज्या शेडमधून आला त्याच शेडमधला लेबल प्रिंटर सापडत नाही.
– ट्रेसराउटमध्ये, म्हणजे पॅकेटच्या वाटेवरचे राउटर दाखवणाऱ्या आदेशात, तेच दोन राउटर आलटून पालटून दिसत राहतात.
– एरवी सर्व ठीक चालते, पण पाळी बदलताना किंवा आंबिया बहाराची संत्री येऊ लागून माणसे आणि स्कॅनर वाढले की तक्रारी सुरू होतात, आणि त्या वेळी राउटरचा सीपीयू चढलेला असतो.
– लहान पिंग जातात, मोठी यादी असलेली स्क्रीन मात्र अडकून पडते.

यातले शेवटचे लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कुळातले आहे. त्याचा विचार पुढे बोगद्याच्या, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेण्याच्या पद्धतीच्या, संदर्भात केला आहे.

पहिली तपासणी: खंडाची लांबी मोजणे

या तपासणीला काही खर्च नाही आणि कोणत्याही सेटिंगला हात लावावा लागत नाही, तरीही नेमकी हीच वगळली जाते. सर्व्हरवरून स्कॅनरच्या पत्त्यावर दर २०० मिलिसेकंदांनी एक याप्रमाणे अखंड पिंग सुरू ठेवावा आणि नव्या शेडच्या राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवरून त्याच पत्त्यावर दुसरा पिंग सुरू ठेवावा. मग एका माणसाने स्कॅनर घेऊन दार ओलांडावे. दोन्हीकडे हरवलेले पिंग मोजून त्यांना २०० ने गुणले की खंड मिळतो. सर्व राउटर आणि सर्व्हर एकाच एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या सेवेच्या) घड्याळावर आहेत याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण नंतर लॉग ताडून पाहताना दोन राउटरच्या घड्याळांत फरक असेल तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

लांबीला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की नेटवर्कमधला जवळजवळ प्रत्येक विलंब हा कोणत्या तरी टायमरचा विलंब असतो, आणि त्या टायमरची मूळ मूल्ये ठरलेली असतात. एका सेकंदाच्या आतबाहेरचा खंड बहुधा वायरलेसच्या पुनर्प्रमाणीकरणाचा असतो. सुमारे ५ सेकंदांचा खंड ओएसपीएफ या अंतर्गत राउटिंग प्रोटोकॉलकडे बोट दाखवतो, त्याचे कारण पुढे दिले आहे. ३० सेकंदांचा खंड जुन्या स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधले फेरे टाळणाऱ्या प्रोटोकॉलचा) असू शकतो, कारण त्यात ऐकण्याची १५ आणि शिकण्याची १५ सेकंदे असतात. आयएस-आयएस या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये शेजारी राउटर गेला असे ठरवण्याचा अवधीही मूळ ठेवणीत ३० सेकंदांचाच असल्याने, अशा वेळी शेजारसंबंध तुटल्याची नोंद लॉगमध्ये आहे का हे पाहूनच निवाडा करावा. ४० सेकंद हा ओएसपीएफचा डेड इंटरव्हल (शेजारी गेला असे ठरवण्याचा अवधी) आहे, आणि डीआर, म्हणजे दुव्यावरचा प्रमुख राउटर, निवडण्यापूर्वीची प्रतीक्षाही तेवढीच असते. १८० सेकंदांचा खंड दिसला तर कुठेतरी रिप हा जुना राउटिंग प्रोटोकॉल अजून जिवंत आहे असे समजावे. ३०० सेकंद हे बहुतेक स्विचवर मॅक पत्त्याच्या (यंत्राच्या हार्डवेअर पत्त्याच्या) नोंदीचे आयुष्य असते.

दोन पिंगांतला फरकही तितकाच बोलका असतो. नव्या शेडमधला पिंग लगेच सुरू झाला आणि सर्व्हरवरचा उशिरा, तर बिघाड राउटिंगचा आहे. दोन्ही एकाच वेळी उशिरा सुरू झाले, तर राउटिंग प्रोटोकॉल निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे आणि पुढच्या दोन तपासण्यांतच काम संपेल.

पत्ता तोच राहिला का

शेड बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर स्कॅनरवरचा आयपी पत्ता वाचावा. पत्ता बदलला असेल तर स्कॅनरने नव्या शेडच्या डीएचसीपीकडून (आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेकडून) नवा पत्ता घेतला आहे, सर्व्हरशी असलेले जुने टीसीपी सत्र (जोडणी) त्याच क्षणी निरुपयोगी झाले आहे, आणि राउटिंग प्रोटोकॉल कितीही वेगवान केला तरी ते सत्र वाचणार नाही. स्थानिक गतिशीलता व्यवस्थापनाची पहिली अटच ही की यंत्र त्या परिसरात कुठेही गेले तरी पत्ता कायम राहिला पाहिजे आणि यंत्राला स्वतःला त्यासाठी काही करावे लागता कामा नये. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २००७ मध्ये या विषयाची समस्या आणि उद्दिष्टे आरएफसी (तिचे क्रमांकित दस्तऐवज) ४८३० आणि ४८३१ मध्ये मांडली, तेव्हाही भर याच मुद्द्यावर होता. म्हणून पत्ता बदलत असेल तर आधी डीएचसीपीची रचना सुधारावी आणि मगच पुढे जावे.

याच टप्प्यावर एक प्रश्न विचारून घ्यावा: होस्ट रूटची खरोखर गरज आहे का? सगळ्या शेड मिळून तीन-चारशे यंत्रे असतील आणि सर्व शेड फायबरने एकाच मुख्य स्विचला जोडलेल्या असतील, तर स्कॅनरसाठी एकच व्हीलॅन (आभासी स्थानिक नेटवर्क) सर्वत्र पसरवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. मोठ्या लेयर-२ (राउटरविना, स्विचनेच जोडलेल्या) क्षेत्राची भीती रास्त आहे, परंतु ती हजारो यंत्रांच्या प्रमाणावर रास्त आहे. एका गोदामासाठी प्रत्येक हालचाल राउटिंग तक्त्यात नेणे म्हणजे तोफेने चिमणी मारण्यासारखे होते.

वायरलेस आणि स्विच

वायरलेसबद्दल इथे थोडक्यातच सांगतो. स्कॅनर जुन्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहत असेल, दोन ॲक्सेस पॉइंटच्या मधल्या पट्ट्यात सिग्नल −६७ डीबीएमपेक्षा क्षीण होत असेल, किंवा प्रत्येक वेळी रेडियस सर्व्हरशी पूर्ण प्रमाणीकरण होत असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. ८०२.११आर (जलद रोमिंगचे वायफाय मानक) सुरू केल्याने प्रमाणीकरणाचा वेळ वाचतो, पण जुने स्कॅनर ते जाणतात का हे पाहूनच सुरू करावे.

नागपुरात या यादीत आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात शहराचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ ते त्याहून बरेच जास्त असते. कार्यालयीन वापरासाठीचे अनेक स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेले असतात. दुपारी दोन ते पाच या वेळातच तक्रारी येत असतील तर प्रोटोकॉलकडे वळण्यापूर्वी स्विचचा अपटाइम आणि तापमानाची नोंद पाहावी. स्वतःहून रीस्टार्ट होणारा स्विच राउटिंगच्या बिघाडाचे हुबेहूब सोंग घेतो.

स्विचवर दोन गोष्टी पाहाव्यात. हलणारे यंत्र डॉकवर येऊन तारेने जोडले जात असेल, तर त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीची ३० सेकंदांची प्रतीक्षा बंद केलेली असावी, म्हणजेच तो टोकाचा पोर्ट म्हणून घोषित असावा. दुसरी गोष्ट, खंड अनियमित असेल आणि स्कॅनरचे बटण दाबताच संपत असेल, तर यंत्र नव्या जागी जाऊन गप्प बसलेले असते आणि त्याने स्वतः एखादी फ्रेम पाठवेपर्यंत स्विचला त्याची नवी जागा कळत नाही. यावर उपाय म्हणजे यंत्र जोडले जाताच ॲक्सेस पॉइंटने किंवा यंत्राने ग्रॅच्युइटस एआरपी, म्हणजे आपला आयपी आणि मॅक पत्ता न विचारता जाहीर करणारा संदेश, पाठवणे. हे सेटिंग बहुतेक वेळा आधीपासून उपलब्ध असते आणि बंद असते.

जुन्या शेडमधली शिळी नोंद

इथून पुढे राउटरवर लॉगिन करावे लागते, पण अजून काही बदलायचे नाही, फक्त वाचायचे आहे. स्कॅनर नव्या शेडमध्ये गेल्यावर, खंड चालू असतानाच, मुख्य राउटरवर त्या पत्त्याचा रूट पाहावा. उदाहरणार्थ १०.२०.१.५७/३२ हा रूट एकाच राउटरकडून येतो आहे की जुन्या आणि नव्या अशा दोन्ही राउटरकडून? दोन्हीकडून येत असेल तर या बिघाडाचा गाभा सापडला.

नवा राउटर स्कॅनर दिसताच रूट जाहीर करतो, परंतु जुन्या राउटरला तो गेल्याचे कळायला हवे. ते जर एआरपीची (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक पत्ता याची) नोंद संपण्यावर सोपवलेले असेल, तर वाट फार लांबते. सिस्कोच्या आयओएस राउटरवर त्या नोंदीचे मूळ आयुष्य ४ तासांचे असते. तेवढा वेळ दोन राउटर एकाच पत्त्यावर हक्क सांगत राहतात, आणि प्रत्येक मधला राउटर आपल्याला जो जवळचा वाटतो त्याच्याकडे पॅकेट पाठवतो. नव्या शेडच्या बाजूचा सर्व्हर सुरळीत चालतो, जुन्या शेडच्या बाजूच्या सर्व्हरची पॅकेट मात्र रिकाम्या जागी जाऊन पडतात. लक्षणांच्या यादीतले दुसरे लक्षण हेच.

अंतर्गत राउटिंग प्रोटोकॉलला कोण जवळ आहे हे कळते, पण यंत्राला शेवटचे कोणी पाहिले हे कळत नाही. ओएसपीएफच्या एलएसएमध्ये, म्हणजे राउटरने पाठवलेल्या घोषणेत, अनुक्रमांक असतो हे खरे, मात्र तो एकाच राउटरच्या जुन्या-नव्या घोषणांची तुलना करतो. दोन वेगवेगळ्या राउटरपैकी कोणाचा दावा ताजा आहे हे ठरवण्याची सोय त्यात नाही. आयएस-आयएस, ईआयजीआरपी आणि रिप यांतही ती नाही. हे प्रोटोकॉल तुटलेल्या दुव्याभोवती मार्ग शोधण्यासाठी घडवले गेले. यंत्र हलले हा प्रसंग त्यांच्या हिशेबात कधी नव्हता. प्रोटोकॉलची निवड करताना मी हीच गोष्ट आधी पाहतो, वेगाची चर्चा नंतर.

या टप्प्यावरचा स्वस्त उपाय असा की जुन्या राउटरने रूट मागे घेणे हे एआरपीवर न सोडता वायरलेसच्या तुटल्याच्या घटनेशी बांधावे आणि सोबत एआरपीचे आयुष्य त्या एका इंटरफेसवर काही मिनिटांवर आणावे. आयुष्य काही सेकंदांवर मात्र आणू नये, कारण मग झोपेत गेलेल्या स्कॅनरचा रूट सतत येत-जात राहतो.

प्रोटोकॉलच्या आतले टायमर

शिळी नोंद नसूनही खंड उरत असेल तर आता प्रोटोकॉल तपासावा.

रिप सापडला तर वेळ घालवू नये, तो काढावा. दर ३० सेकंदांची घोषणा आणि १८० सेकंदांनी रद्द होणारा रूट एवढ्यापुरताच त्याचा दोष नाही. नव्या राउटरने दिलेला मार्ग जुन्याइतकाच लांब किंवा अधिक लांब असेल, तर रिप हातातला जुना मार्ग सोडत नाही, जोपर्यंत जुना राउटर तो स्वतः मागे घेत नाही किंवा त्याची मुदत संपत नाही. फिरत्या यंत्रासाठी याहून अयोग्य स्वभाव असू शकत नाही. मुदत कमी करून रिप चालवण्याचा आग्रह मी अनेकदा ऐकला आहे, पण त्याने फक्त रहदारी वाढते.

ओएसपीएफमध्ये आधी होस्ट रूट कोणत्या वाटेने आत येतो ते पाहावे. १९९८ च्या आरएफसी २३२८ नुसार तीच एलएसए पुन्हा निर्माण करताना किमान ५ सेकंदांचे अंतर ठेवावे लागते. होस्ट रूट राउटरच्या स्वतःच्या एलएसएमध्ये जोडला जात असेल, तर एक स्कॅनर आल्यानंतर दोन सेकंदांनी आलेल्या दुसऱ्या स्कॅनरला उरलेली तीन सेकंदे थांबावे लागते, कारण दोघांची बातमी एकाच एलएसएत आहे. शिवाय ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीत राउटरच्या एलएसएत जोडण्या आणि पत्ते एकत्रच असल्यामुळे नुसता पत्ता बदलला तरी क्षेत्रातला (ओएसपीएफमधल्या राउटरांच्या गटातला) प्रत्येक राउटर संपूर्ण एसपीएफ (सर्वांत जवळच्या मार्गाची) गणना पुन्हा करू शकतो. पाळी बदलताना सीपीयू चढतो तो यामुळे. तोच होस्ट रूट पुनर्वितरणाने (ओएसपीएफबाहेरचा मार्ग त्यात घालून) बाह्य रूट म्हणून आणला तर प्रत्येक पत्त्याची टाइप-५ एलएसए स्वतंत्र होते, पाच सेकंदांचे बंधन फक्त त्याच पत्त्याला लागते, आणि इतर राउटरना आंशिक गणना पुरते. एवढा एक बदल केल्याने कित्येक तक्रारी मिटतात.

बहुतेक नव्या राउटरवर हे ५ सेकंदांचे अंतर मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येते. मात्र ते करताना एक सापळा आहे. घेणारा राउटर तीच एलएसए एका सेकंदाच्या आत पुन्हा आली तर ती टाकून देतो, आणि पाठवणारा ती पुन्हा पाठवतो तेव्हा मूळ ठेवणीत आणखी ५ सेकंद गेलेली असतात. म्हणजे एका बाजूचा टायमर कमी केला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला तर जितके वाचवायचे होते तितकेच पुन्हा जाते. हे दोन्ही आकडे संपूर्ण क्षेत्रात, सर्व राउटरवर, एकाच वेळी बदलावे लागतात. एसपीएफ गणनेपूर्वीच्या विलंबाचेही तसेच आहे. तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरवर वेगवेगळा असेल तर काही राउटर नव्या मार्गाने आणि काही जुन्या मार्गाने पॅकेट पाठवतात आणि तात्पुरता फेरा तयार होतो. ट्रेसराउटमध्ये तेच दोन राउटर दिसणे हे त्याचेच लक्षण आहे. २०१८ च्या आरएफसी ८४०५ मध्ये या विलंबाची एक समान पद्धत दिली आहे. मिश्र बनावटीच्या नेटवर्कमध्ये ती जिथे उपलब्ध असेल तिथे वापरावी.

दोन राउटरमधला थेट दुवा ब्रॉडकास्ट प्रकारचा ठेवलेला असेल तर तो पॉइंट-टू-पॉइंट करावा, म्हणजे दुवा पुन्हा उभा राहताना डीआर निवडीची ४० सेकंदे वाचतात. बीएफडीबद्दल मात्र गैरसमज फार आहे. बीएफडी दुवा तुटल्याचे एका सेकंदाच्या आत ओळखते. यंत्र शेड बदलते तेव्हा कोणताच दुवा तुटलेला नसतो, त्यामुळे बीएफडी सुरू करून या तक्रारीत फरक पडत नाही. मुख्य फायबरच्या भरवशासाठी ते अवश्य सुरू करावे, पण या बिघाडावरचा उपाय म्हणून नव्हे.

क्षेत्रांची सीमा

स्कॅनर ज्या शेडमधून आला तिथल्याच प्रिंटरशी त्याचा संपर्क होत नाही, बाकी सगळीकडे होतो, ही तक्रार ऐकताच मी थेट ओएसपीएफच्या क्षेत्रांचा नकाशा मागतो. समजा पहिली शेड क्षेत्र १ मध्ये आहे आणि ते टोटली स्टबी आहे, म्हणजे त्यात बाहेरून फक्त डिफॉल्ट रूट (माहीत नसलेल्या सर्व पत्त्यांसाठीचा एकच मार्ग) येतो. स्कॅनर १०.२०.१.५७ हा पत्ता घेऊन क्षेत्र २ मध्ये गेला. मुख्य सर्व्हरला क्षेत्र १ कडून संपूर्ण शेडचा १०.२०.१.०/२४ आणि क्षेत्र २ कडून १०.२०.१.५७/३२ असे दोन रूट दिसतात, अधिक नेमका रूट जिंकतो आणि पॅकेट योग्य जागी जाते. पण क्षेत्र १ मधल्या राउटरना तो /३२ कधीच दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने तो पत्ता अजून आपल्याच शेडमध्ये आहे, म्हणून ते तिथेच एआरपी करत राहतात आणि उत्तर येत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की स्टब, म्हणजे बाह्य रूट आत न घेणाऱ्या, क्षेत्रात बाह्य रूट जाहीरही करता येत नाही. तिथल्या राउटरच्या स्वतःच्या तक्त्यात होस्ट रूट दिसतो आणि शेजाऱ्याकडे मात्र पोहोचत नाही. अशा क्षेत्राला एनएसएसए, म्हणजे बाह्य रूट जाहीर करू देणारे स्टब क्षेत्र, करावे लागते. सीमेवरच्या राउटरवर फक्त /२४ जाऊ देणारी गाळणी कोणी लावली आहे का हेही पाहावे, कारण सुरक्षेच्या नावाखाली ती अनेकदा लावलेली असते. दहा-पंधरा राउटरच्या परिसरात मुळात अनेक क्षेत्रे हवीतच कशाला, हे मला आजवर पटलेले नाही. ज्या परिसरात यंत्रे फिरतात तो सगळा परिसर एकाच क्षेत्रात ठेवावा.

मग निवडावे काय

हालचाली मोजल्याशिवाय निवड करू नये. २०० स्कॅनर असतील आणि प्रत्येक जण दर दोन मिनिटांनी शेड बदलत असेल तर मिनिटाला १०० हालचाली होतात. प्रत्येक हालचालीत एक रूट जाहीर होतो आणि एक मागे घेतला जातो, म्हणजे सेकंदाला तीनहून अधिक बदल, आणि प्रत्येक बदल प्रत्येक राउटरपर्यंत जातो. साधे लेयर-३ स्विच हा भार सीपीयूवर सोसतीलही, पण त्यांच्या हार्डवेअर तक्त्यात किती /३२ रूट मावतात हे माहितीपत्रकात आधी वाचावे.

हालचाली मिनिटाला पाच-दहाच असतील आणि ओएसपीएफ आधीपासून चालू असेल, तर प्रोटोकॉल बदलू नये. वर सांगितलेली दुरुस्ती पुरते. आयपीव्ही६ असेल तर २००८ च्या आरएफसी ५३४० मधली ओएसपीएफची तिसरी आवृत्ती अधिक सोयीची, कारण तिने पत्ते जोडण्यांपासून वेगळ्या एलएसएत नेले आहेत. नवे नेटवर्क उभारत असाल आणि सर्व राउटरवर परवाना उपलब्ध असेल तर आयएस-आयएस विचारात घ्यावा. त्यात केवळ पत्ता बदलला तर आंशिक गणनाच होते. मात्र एका राउटरचे सर्व पत्ते त्याच्या एलएसपीतून (आयएस-आयएसमधल्या घोषणेतून) एकत्र जातात, त्यामुळे एकाच शेडमध्ये अनेक यंत्रे लागोपाठ आली तर एलएसपी निर्मितीचा विलंब तिथेही आडवा येतो. त्याची ख्याती ऐकून चालू ओएसपीएफ काढून तो बसवणे या कामासाठी मला परवडणारे वाटत नाही. ईआयजीआरपीमध्ये रूट मागे घेतला गेला आणि पर्यायी मार्ग तयार नसेल तर प्रश्नांची लाट शेजाऱ्यांमागून शेजाऱ्यांकडे जाते. शेडचे राउटर स्टब (ज्यांच्याकडे हे प्रश्न पाठवले जात नाहीत असे टोकाचे राउटर) म्हणून घोषित असतील तरच तो इथे वापरावा.

हालचाली मिनिटाला पाच-दहाहून जास्त असतील तर त्या अंतर्गत प्रोटोकॉलमध्ये आणूच नयेत. प्रोटोकॉल स्थिर राउटरांपुरता शांत ठेवावा आणि यंत्राचा ठावठिकाणा वेगळ्या यंत्रणेकडे द्यावा, जिला ताजा दावा ओळखता येतो. २००८ च्या आरएफसी ५२१३ मधले प्रॉक्सी मोबाइल आयपीव्ही६ हेच करते. शेडचा राउटर एका मध्यवर्ती नांगर-राउटरला कळवतो, नोंदीचा क्रम टाइमस्टॅम्पने किंवा अनुक्रमांकाने ठरतो, आणि पॅकेट बोगद्यातून जातात. आयपीव्ही४ साठीची जोड २०१० च्या आरएफसी ५८४४ मध्ये आहे. वायरलेस कंट्रोलरचा बोगदाही तेच काम करतो आणि बहुतेक गोदामांत तो आधीच विकत घेतलेला असतो, फक्त रहदारी त्यातून नेलेली नसते. ईव्हीपीएन या लेयर-२ नेटवर्क राउटरांवरून पसरवणाऱ्या यंत्रणेतही हालचालीला अनुक्रमांक असतो, पण आरएफसी ७४३२ च्या मूळ ठेवणीत १८० सेकंदांत ५ वेळा जागा बदललेला मॅक पत्ता दुबार समजला जातो. दोन शेडच्या दारात घुटमळणारा फोर्कलिफ्ट हा आकडा सहज गाठू शकतो.

बोगदा आला की लक्षणांतले शेवटचे लक्षण येते. आयपीव्ही६ मधल्या आयपीव्ही६ बोगद्याचे शीर्ष ४० बाइटांचे असते, म्हणून १५०० बाइटांच्या दुव्यावर आतल्या पॅकेटला १४६० च उरतात. लहान पिंग जातात, मोठी स्क्रीन अडकते. मधल्या दुव्यांचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) वाढवावा, आणि पॅकेट मोठे असल्याचे कळवणारे आयसीएमपी संदेश फायरवॉलवर अडवू नयेत.

कुठे थांबावे

खंड मोजणे, पत्ता तपासणे, स्विचचे पोर्ट, एआरपीचे आयुष्य आणि रूट वाचणे एवढे काम गोदामाचा स्वतःचा आयटी माणूस निर्धास्त करू शकतो. पुनर्वितरणाचा बदल त्याने कामाची पाळी संपल्यावर, जुने कॉन्फिगरेशन जतन करून आणि टॅग लावलेल्या गाळणीसह करावा. गाळणीशिवाय पुनर्वितरण केल्यास नको ते रूट सगळ्या परिसरात पसरतात.

पुढील बाबतींत स्वतः हात घालू नये आणि नेटवर्क अभियंत्याला बोलवावे: सर्व राउटरवरचे टायमर एकदम बदलायचे असतील, क्षेत्रांची रचना किंवा प्रोटोकॉलच बदलायचा असेल, राउटर दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, किंवा फायबरवर त्रुटींची संख्या वाढताना दिसत असेल. फायबरचा जोड साफ करणे आणि प्रकाशाची पातळी मोजणे हे उपकरणाचे काम आहे, अंदाजाचे नाही. फिरते यंत्र जर क्रेन किंवा चालकाविना चालणारी गाडी असेल, तर पहिल्या तपासणीपूर्वीच थांबावे. तिथे यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला आणि कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय चालू पाळीत कोणतीही चाचणी करू नये.

अभियंता येण्यापूर्वी त्याच्यासाठी खंडाचे मोजमाप, प्रत्येक राउटरची आवृत्ती, क्षेत्रांचा नकाशा, खंड चालू असताना घेतलेला त्या /३२ रूटचा तक्ता आणि त्या पाच मिनिटांचे सर्व राउटरचे लॉग काढून ठेवावेत. हे हाताशी नसेल तर त्याचा पहिला दिवस तेच गोळा करण्यात जातो आणि त्याचे बिल वेगळे येते.